तपासनिसांचं लॉन

ज्या गवतावर जनावर चरू शकत नाही, पोर लोळू शकत नाही आणि ज्याने ते लावलं तो स्वतःही चप्पल घालून पाय ठेवू शकत नाही, त्या गवताला लॉन म्हणतात. आपोआप उगवतं ते गवत खुरप्याने काढून फेकायचं, त्याच जागी टेम्पोतून आणलेलं गवत अंथरायचं, ते वाढावं म्हणून खत घालायचं आणि वाढलं की वाढलं म्हणून कापायचं. शेतावरच्या माणसाने हा उद्योग केला असता तर घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवलं असतं. फाटक असलेल्या घरातल्या माणसाने केला की त्याला आवड म्हणतात.

तपासनिसांना अशी आवड निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात उत्पन्न झाली. दोष खुर्चीचा. एकतीस वर्षं काडेपेटीच्या कारखान्यात तपासणी विभागात काढल्यावर निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना वेताची आरामखुर्ची दिली. आता तुम्ही बसाच, असा त्याचा अर्थ होता. देताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या. तपासनिसांना ते प्रेम वाटलं.

कारखान्यातलं त्यांचं काम असं: शंभर काड्यांतून पाच उचलायच्या, घासायच्या, पेटल्या की वहीत ‘योग्य’ असं लिहायचं. जळालेल्या पाच कचऱ्यात जायच्या, न बघितलेल्या पंच्याण्णव बाजारात. म्हणजे ज्या काड्या चांगल्या आहेत याची पक्की खात्री झाली, नेमक्या तेवढ्याच फुकट जायच्या. एकतीस वर्षांत ही गोष्ट त्यांना एकदाही चमत्कारिक वाटली नाही. काडी पेटली नाही तर मात्र दोषपत्र भरायचं. दोषपत्राचा शेवटचा रकाना ‘दोषाचे कारण’. त्या रकान्यात तपासनिसांनी लाकूड लिहिलं, दमट हवा लिहिली, डिंक लिहिला, टेम्पोचालक लिहिला, एकदा तर मॅनेजरांचा भाचा लिहिला आणि तो खरा निघाला. ‘तपासणी विभाग’ हे दोन शब्द मात्र तिथे कधी उमटले नाहीत. कारण नेहमी खात्याच्या बाहेर असतं, हा त्या खात्याचा पहिला नियम होता. दुसरा नियम नव्हता. गरजच पडली नाही.

तर खुर्ची आली, आणि खुर्चीखाली लॉन पाहिजे असं त्यांच्या डोक्याने घेतलं. जागा होती. फाटक आणि व्हरांडा यांच्यामध्ये, वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. पण त्या जागेवर आधीच एकाचा डोळा होता.

“तिथे मला वांगी लावायचीत,” बायको म्हणाली. “टोमॅटो, घेवडा, कडेने मिरच्या.”

“घराच्या तोंडाशी वांगी? लोक काय म्हणतील?”

“देता का म्हणतील.”

“अगं, सकाळी लॉनवर खुर्ची टाकून पेपर वाचायचा, एवढंच मागणं आहे माझं. एकतीस वर्षं काड्यांच्या वासात काढलीत.”

“व्हरांड्यात बसून वाचा. अक्षरं तीच असतात.”

ही बाई शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून त्याच साली निवृत्त झाली होती. तिला खुर्ची मिळाली नव्हती. तिला एक घड्याळ मिळालं होतं, म्हणजे आता घरच्या कामाला उशीर करू नका. पण ती भांडली नाही. गणिताच्या माणसाला भांडणापेक्षा अट आवडते.

“साठ दिवस,” ती म्हणाली. “साठाव्या दिवशी हिरवं असलं तर जागा कायमची तुमची, मी शब्द काढणार नाही. पिवळं असलं तर जागा माझी, आणि ती खुर्ची व्हरांड्यातून हलणार नाही.”

तपासनिसांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. आयुष्यात त्यांनी इतक्या आनंदाने स्वतःच्या पायावर धोंडा कधी पाडून घेतला नव्हता.

नर्सरीवाला आला. गवत गुंडाळलेल्या सतरंजीसारखं टेम्पोतून उतरलं, दुपारपर्यंत अंथरून झालं, आणि खरोखर, फाटकाच्या आत हिरवंगार काहीतरी दिसायला लागलं. जाताना नर्सरीवाला एकच वाक्य बोलला. “पाणी घाला आणि मग त्याच्या वाटेला जाऊ नका, मुळं धरू द्या.” या वाक्याला दोन भाग आहेत. तपासनिसांना पहिला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडेने खुंट्या ठोकल्या आणि आडवी-उभी सुतळी ओढून लॉनचे फूट-फुटाचे चौकोन पाडले. एका ओळीत पंधरा, अशा वीस ओळी. तीनशे चौकोन. शेकडा पाचप्रमाणे रोज पंधरा, म्हणजे रोज बरोबर एक ओळ. हा हिशेब इतका सुबक जुळला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मग फाटकाजवळच्या पहिल्या ओळीशी उकिडवं बसून त्यांनी पहिल्या चौकोनातला गवताचा झुपका चिमटीत धरला, मुळासकट वर काढला, माती झटकली, भिंगातून बघितला, पट्टीने मूळ मोजलं, वहीत ‘योग्य’ लिहिलं, झुपका परत भोकात बसवला आणि वरून अंगठ्याने दाबून थापटला. मग दुसरा. मग तिसरा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको बघत होती. पाचव्या झुपक्याला ती व्हरांड्यात आली. “अहो, ते रोज असं...”

तपासनिसांनी हात वर केला. “तपासणी चालू असताना बोलायचं नसतं.”

ती आत गेली.

नवव्या दिवशी पहिली ओळ पिवळी पडली.

घरात माणूस आजारी पडला तर शेजारी दोन दिवस दारातूनच विचारून जातात. गवत आजारी पडलं की थेट आत येतात. पहिले आले कर्नल. हे गृहस्थ उभ्या जन्मात लष्करात नव्हते. पार्सल ऑफिसात होते. पण मिशा होत्या, कुत्रा होता आणि दोघांवरही ते सारखंच ओरडायचे, म्हणून कर्नल. त्यांनी कमरेवर हात ठेवून पिवळी ओळ नजरेखालून घातली.

“पाणी कमी पडतंय. दुप्पट करा.”

मागोमाग समोरच्या घरातले प्राध्यापक आले. हे घरच्या घरी शिकवण्या घ्यायचे, रसायनशास्त्राच्या. त्यांनी वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, “पाणी जास्त होतंय. मुळं गुदमरतायत. निम्मं करा.”

फुकट सल्ला देणाऱ्याच्या अंगणात एकदा डोकावून यावं. कर्नलांच्या अंगणात पहिल्यापासून फरशी होती. प्राध्यापकांच्या अंगणात गाडी उभी असायची आणि गाडीखाली तेलाचा डाग. गवताचं एक पातं दोघांकडेही नव्हतं, आणि म्हणूनच गवताबद्दलची दोघांची मतं इतकी ठाम राहू शकली होती. तपासनिसांनी दोघांचाही मान राखला. सकाळी दुप्पट पाणी, संध्याकाळी निम्मं.

बाराव्या दिवसापर्यंत चार ओळी पिवळ्या झाल्या होत्या, पंधराव्या दिवसापर्यंत सात. ओळीमागून ओळ, फाटकाकडून घराकडे.

“शत्रू पुढे सरकतोय,” कर्नल म्हणाले.

“वाऱ्याबरोबर येतोय,” प्राध्यापक म्हणाले. “बुरशी असणार. वारा फाटकाकडूनच येतो ना?”

“वारा मागून येतो,” तपासनीस म्हणाले.

“मग वाऱ्याविरुद्ध येतोय. चिवट बुरशी आहे.”

असल्या माणसाला हरवता येत नाही. विद्वत्ता ज्याची पाठ सोडत नाही, त्याची पाठ वस्तुस्थितीने केव्हाच सोडलेली असते.

तपासनिसांचा संशय मात्र कर्नलांच्या कुत्र्यावर होता. कुत्र्याने पाय वर केला की गवत जळतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि कारण खात्याच्या बाहेर पाहिजे या नियमात कुत्रा चपखल बसत होता. पुरावा हवा म्हणून एका दुपारी ते लॉनवर दोन हात दोन गुडघे टेकून उतरले आणि पिवळ्या ओळींना नाक लावून वास घेत निघाले. चौथ्या ओळीपर्यंत आले असतील तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

“काही हरवलंय का?”

कर्नल उभे होते, साखळीला कुत्रा. तपासनीस चार पायांवरूनच म्हणाले, “वास घेतोय.”

“कसला?”

“तुमच्या कुत्र्याचा.”

कर्नलांनी फाटक उघडलं आणि साखळी सैल सोडली. कुत्रा आत आला, तपासनिसांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानेही त्याच ओळीचा वास घेतला. अगदी मन लावून, टोकापासून टोकापर्यंत. मग त्याने मान वर करून तपासनिसांकडे बघितलं, एका खात्यातल्या माणसाने दुसऱ्या खात्यातल्या माणसाकडे बघावं तसं, आणि कोरडाच बाहेर गेला. कर्नलांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने नव्हे. पुढचे आठ दिवस रस्त्यातल्या प्रत्येक घरात हा प्रसंग सांगितला गेला, आणि शेवटी शेवटी तर त्यात तपासनिसांनी पायही वर केला होता.

दुखावलेला माणूस एक तर शहाणा होतो किंवा काटेकोर. तपासनीस काटेकोर झाले. कारखान्याचा नियमच होता, माल खराब निघायला लागला की नमुने वाढवायचे. वीस दिवसांत सगळ्या वीस ओळींची एक फेरी पूर्ण झाल्यावर त्यांनी शेकडा पाचचे शेकडा दहा केले. आता रोज दोन ओळी. रोज तीस झुपके वर निघायचे, झटकले जायचे, मोजले जायचे आणि अंगठ्याखाली परत गाडले जायचे. वहीत ‘योग्य’ आता क्वचितच यायचं. खिडकीतून भांड्यांचा आवाज येत राहायचा. कधी कधी तो आवाज मध्येच थांबायचा, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

नर्सरीवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, “माझ्याकडून निघालं तेव्हा हिरवं होतं की नाही? लेक सासरी गेल्यावर वाळली, तर माहेराला जाब विचारता? मातीत खोट असेल. माती तपासा.”

तपासा. या एका शब्दावर तपासनीस कुठेही गेले असते. ते पिशवीभर माती घेऊन माती तपासणी केंद्रात गेले.

तिथे खिडकीमागे एक बाई संगणकासमोर बसली होती. संगणक नवा होता, बाई जुनी होती आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसल्याचं लांबूनच कळत होतं.

“पीक?” बाईने विचारलं.

“लॉन.”

“यादीत नाही.”

“मग गवत लिहा.”

“गवत म्हणजे तण. तणासाठी आम्ही माती तपासत नाही. तण उपटा म्हणून सांगतो.”

“अहो, मी मुद्दाम लावलंय ते.”

बाईने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “मुद्दाम?” मग तिने यादी खाली-वर केली. “वैरण आहे. वैरण टाकू?”

“टाका.”

“वैरण टाकलं की जनावरं किती म्हणून विचारतं.”

“कोण विचारतं?”

“हे काय, हे.” तिने संगणकाकडे हनुवटी केली. “किती आहेत?”

“एकही नाही.”

“शून्य घेत नाही तो. जनावर नाही तर वैरण कशाला लावली, असं त्याचं म्हणणं.”

सबंध गावात हा प्रश्न विचारण्याइतकी अक्कल फक्त त्या यंत्राला होती, आणि ते यंत्र चुकतंय असं तिथे उभ्या असलेल्या दोन्ही सुशिक्षित माणसांचं मत पडलं.

“एक टाकते,” बाई म्हणाली. “एकाने काय बिघडतंय? गाय की म्हैस?”

“काहीही टाका हो.”

“काहीही यादीत नाही.”

“गाय!” तपासनीस ओरडले. मागची रांग दचकली. गाय नोंदली गेली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. माती उत्तम, निचरा चांगला, दोष नाही. शिफारस: सदर क्षेत्र एका गायीस अपुरे, तरी जनावराला बाहेरचा पाला द्यावा. तपासनिसांनी कागद उलटा करून बघितला. दोष नाही? ज्या अहवालात दोष नाही त्याला अहवाल म्हणावं तरी कसं? एकतीस वर्षांत त्यांनी असा निष्काळजी कागद हातातून जाऊ दिला नव्हता.

त्याच आठवड्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून पत्र आलं. आपल्या नावावरील गाय लसीकरणासाठी दोनदा गैरहजर राहिली आहे. ती तात्काळ हजर करावी, अन्यथा कारवाई होईल.

तपासनीस दवाखान्यात गेले. तिथल्या टेबलामागचे साहेब डबा खात होते.

“गाय नाहीये माझ्याकडे,” तपासनीस म्हणाले.

“मेली?”

“नव्हतीच.”

साहेबांनी घास गिळला. “नव्हतीचला रकाना नाही. दोनच रकाने आहेत. विकली, नाही तर मेली.”

“पण जी नव्हती ती मरेल कशी?”

“विका मग. घेणाऱ्याची सही आणा.”

“जी नाही ती घेईल कोण?”

“म्हणून तर लोक मेली लिहितात,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “आमचा माणूस येऊन जागेची पाहणी करेल. मृत्यूचं कारण मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं. आमचा माणूस खाली सही करेल. गाय बंद.”

“पाहणी कधी?”

साहेबांनी तारीख सांगितली. तपासनिसांनी बोटांवर मोजलं. नेमका साठावा दिवस.

त्या दिवशी सकाळी बायको नेहमीपेक्षा लवकर उठली, जुनी साडी नेसली आणि खुरपं धुऊन व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं. खुरप्यानेच सगळं सांगितलं होतं. लॉनची तर ओळखही पटत नव्हती. जिथे तिथे पिवळं, पिवळ्याच्या मध्ये तपकिरी, आणि या सगळ्यावर सुतळीचे चौकोन, स्मशानातल्या जागा आखून ठेवल्यासारखे. खुर्ची व्हरांड्यात होती. दोन महिन्यांत तपासनीस तिच्यावर एकदाही बसले नव्हते. लॉनवर बसायचं म्हणून.

दहाच्या सुमाराला धुळीने भरलेल्या मोटारसायकलवरून दवाखान्याचा माणूस आला. पन्नाशीचा, रापलेला, खांद्याला लशीची पेटी. गाय मेली तरी पेटी आणली होती. तशी आणायची पद्धत असेल. गाय मेल्याची बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे फाटकाशी कर्नल, प्राध्यापक आणि कुत्रा हजर होते.

“गाय कुठे बांधायचात?” दवाखान्याच्या माणसाने विचारलं.

“बांधत नव्हतो. ते कागदावर... ते एक लांबलचक आहे.”

“असू दे. कागदावरच्या खूप मारल्यात मी.” त्याने लॉनकडे बघितलं. “वैरण हीच का?”

“पाणी कमी पडलं,” फाटकातून कर्नल म्हणाले.

“बुरशी आहे. चिवट,” प्राध्यापक म्हणाले.

दवाखान्याच्या माणसाने दोघांकडेही वळून बघितलं नाही. तो ओळीच्या टोकाला उकिडवा बसला, एक झुपका दोन बोटांनी उचलला. झुपका टोपणासारखा अलगद वर आला. त्याने शेजारचा उचलला. तोही आला. त्याने फाटकापासून व्हरांड्यापर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, “हे ओळीने मेलंय?”

“ओळीने. फाटकाकडून घराकडे. तेच तर कळत नाहीये ना!” तपासनीस घाईघाईने म्हणाले. “कुत्रा नाही, बुरशी नाही, मातीत दोष नाही. मी वही ठेवलीय, रोजची. कारण बाहेरचंच कुठलं तरी आहे, पण...”

“साहेब, किडा ओळीने खात नाही. रोगही ओळीने येत नाही. गुरं घुसली तरी ओळीने चरत नाहीत.” तो हात झटकत उभा राहिला. “ओळीने मारतो तो फक्त माणूस.”

बायको व्हरांड्यातून खाली आली. तिच्या हातात वही होती. तिने ती पहिल्या पानावर उघडून नवऱ्यापुढे धरली, शाळेत गणित चुकलेल्या मुलापुढे धरावी तशी.

“वाचा. पहिला दिवस, ओळ पहिली. पंधरा नमुने. आठ दिवसांनी पहिली ओळ पिवळी. दुसरा दिवस, ओळ दुसरी. त्यानंतर आठ दिवसांनी दुसरी ओळ पिवळी. पहिले वीस दिवस रोज एक ओळ, म्हणजे एक फेरी. पुढचे चाळीस दिवस रोज दोन ओळी, म्हणजे चार फेऱ्या. एकूण पाच. त्या बिचाऱ्या गवताला तुम्ही पाचदा उपटून पाचदा पुरलंय. सगळं तुमच्याच अक्षरात आहे.”

तपासनीस वहीकडे बघत राहिले. अक्षर सुरेख होतं.

“तू बघत होतीस?” त्यांनी विचारलं.

“रोज. खिडकीतून.”

“मग बोलली का नाहीस?”

“पहिल्याच दिवशी आले होते सांगायला. तुम्ही हात वर केलात.” खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होते. मग म्हटलं, वांगी माझी लागणारेत, मी कशाला बोलू?”

फाटकाशी कर्नल खोकले. प्राध्यापक म्हणाले, “मी पहिल्यापासून म्हणत होतो, मुळांशी काहीतरी आहे,” आणि यावर कुत्रा आपण होऊन घराकडे चालायला लागला. कर्नलांना त्याच्यामागे जावं लागलं.

दवाखान्याच्या माणसाने मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरला आणि पेन पुढे केलं. “एवढा रकाना भरा म्हणजे मी मोकळा. मृत्यूचं कारण. आजार लिहा. सगळे तेच लिहितात.”

तपासनिसांनी पेन घेतलं. एकतीस वर्षांचा सराव हातात होता. आजार लिहिता आला असता. माती लिहिता आली असती, अहवाल गेला उडत. नर्सरीवाला, वारा, शेजारी, कुत्रा, सगळे रांगेत उभे होते, नेहमीप्रमाणे, खात्याच्या बाहेर. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, मान वळवून सुतळीच्या चौकोनांकडे बघितलं आणि मग एका दमात लिहिलं:

‘उपासमार. वैरण मालकाने तपासणीसाठी स्वतः उपटली.’

दवाखान्याच्या माणसाने ते दोनदा वाचलं. “साहेब, असं लिहिलंत तर गाय तुमच्या अंगावर येईल.”

“येऊ दे,” तपासनीस म्हणाले. “आजार नव्हता तिला. कशातच काही खोट नव्हती.”

त्याने खांदे उडवले, सही ठोकली, पेटी खांद्याला लावली आणि धूळ उडवत गेला. तपासनीस खुंट्या उपटायला वाकले.

“सुतळी टाकू नका,” बायको खुरपं घेऊन मागे येऊन उभी होती. “घेवड्याला लागेल.”

“आणि खुर्ची?”

“व्हरांड्यात. ठरलंय तसं. सह्या आहेत.” तिने क्षणभर विचार केला. “आणि तोंड भिंतीकडे करून. निदान रोपं धरेपर्यंत.”

दीड महिन्याने दवाखान्याचं पत्र आलं. जनावरास उपाशी ठेवल्यामुळे सदर इसम पुढील तीन वर्षे कोणतेही जनावर पाळण्यास अपात्र. बायकोने ते फ्रिजच्या दारावर लावलं आणि प्राध्यापकांनी येऊन शुद्धलेखन तपासलं. रोज सकाळी तपासनीस व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे आणि पेपर उघडायचे. अक्षरं तीच होती.

एका सकाळी पाठीमागे झारीचा आवाज थांबला.

“अहो,” बायकोने हाक मारली, “पहिलं वांगं धरलंय. बघायचंय?”

तपासनिसांच्या हातून पेपर खाली पडला. खुर्ची करकरली, एक पाय पायरीवर आलासुद्धा.

“हात मागे बांधून या,” ती म्हणाली.

तपासनिसांनी हात मागे बांधले, आणि गेले.